किती घोडे पुरेत?

तर मंडळी, सेकंडहँड चिंकारा रोडस्टर घेतली. अलिबागला बनलेली, दोनच माणसांची. घरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला, असो.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मोठं इंजिन टाकू?" मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण आतलं १.८ लिटरचं इसुझू तेच, जे बाबांची अ‍ॅम्बॅसॅडर ओढायचं. सहा माणसं, सामान, वर खंडाळ्याचा घाट. जिच्या धर्तीवर ही बेतली, त्या १९५७ च्या लोटस सेव्हनला तर जेमतेम ४० अश्वशक्ती. वजनच पाचशे किलोच्या आसपास ना! इंजिन वाढलं की वजन वाढतं, मग ब्रेक बदला, मग चासी... नको म्हटलं.

मुलुंडच्या एलबीएस रोडवर तिसरा गिअर पडला तरी नशीब. बाबा असते तर शेजारी बसून तेवढ्यालाही "हळू!" म्हणाले असते.