आपाची मारुती

"हम छोड देंगे ना."

आमच्या घरात हे वाक्य जितक्या वेळा बोललं गेलं, तितक्या वेळा दुसरं कुठलंच नसेल. आपाला शाळेत जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, कुणाच्या निकाहाला किंवा मयतीला. तिने नीट तोंड उघडायच्या आत घरातला एखादा पुरुष हे म्हणून मोकळा व्हायचा. आधी अब्बा म्हणायचे आणि तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचे. मग आम्ही म्हणू लागलो. उर्दू शाळेत शिकलेल्या आणि उर्दू शाळेतच शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला 'हम' म्हणायची खोड असते. मराठी लिहितानाही ती 'आम्ही' होऊन उतरते. पण या 'हम'मध्ये आपा किती असते आणि किती नसते, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. तो मांडायला लावला एका जुन्या मारुतीने.

आपा १९८३ सालची. त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपालसिंग नावाच्या गृहस्थांच्या हाती दिली. अब्बा कौतुकाने सांगायचे, "मेरी बेटी और मारुती, दोनों एकच साल की." आपा दीड वर्षाची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय गेला तो गेलाच. देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, तेव्हा आपा बारा वर्षांची होती आणि मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर बांधून शाळेत जात होती. पुढे २०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० बनायची बंद झाली आणि मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पेपर घडी करत आपा म्हणाली, "दोनों का माल बंद हुआ. जो बने सो रस्ते पे हैं."

आपा रस्त्यावर होती खरी, पण कुणाच्या तरी मागे बसून. अपंगांच्या राखीव जागेतून तिला कारकुनाची नोकरी लागली आणि बदली होत होत ती मोहोळला आली. सोलापूरपासून पस्तीसेक किलोमीटर. सकाळी आम्ही तिला मोटारसायकलवर एस.टी. स्टँडवर सोडायचो, तिथून एस.टी., मोहोळला उतरून रिक्षा. एस.टी.ची पहिली पायरी कॅलिपर बांधलेल्या पायासाठी फार उंच असते. दांडी धरून आधी उजवा पाय, मग हाताने ओढून डावा. मागचे लोक कधी थांबायचे, कधी ढकलायचे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबतच गेला. वडापच्या जीपमध्ये आपाला चढता येईना. आमची शाळा दुपारच्या सत्राची, म्हणून आम्ही तिला मोटारसायकलवर मोहोळपर्यंत नेऊ लागलो. जानेवारीतल्या एका सकाळी, धुक्यात, हायवेच्या कडेच्या वाळूवर गाडी घसरली. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण आपाचं कॅलिपर गुडघ्यापाशी वाकलं. रस्त्याच्या कडेला बसल्या बसल्या ती म्हणाली, "अब्बा की गाडी घर में खडी है. क्लच का कुछ होता क्या देख."

अब्बांची गाडी म्हणजे २००३ सालची पांढरी मारुती ८००, त्यांनी जुनी म्हणूनच घेतलेली. आमचे दोन टॉवेलचे माग होते. धंदा बसला तेव्हा ते माग भंगाराच्या भावाने गेले आणि पत्र्याचं शेड रिकामं झालं. अब्बांनी तिथे गाडी आणून उभी केली. मागांचे बोल्ट अजून फरशीतून वर आलेले होते, त्यांच्यामधून चाकं काढायची कसरत त्यांना छान जमायची. २०१९ मध्ये अब्बा गेले आणि गाडीवर एक जुनी सोलापुरी चादर पडली, ती तशीच राहिली.

चादर काढली तेव्हा बॅटरी मेलेली, टायरांना भेगा, ब्रेक जाम आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. गल्लीतले मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन में कुछ नहीं हुआ. तीन सिलिंडर का आदमी है, कम खाता है, कम बोलता है." टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, वायरी जोडल्या, ब्रेक मोकळे केले. पंधरा दिवसांत गाडी बोलू लागली. इथवर सगळं सोपं होतं.

खरा प्रश्न क्लचचा. आपाचा उजवा पाय धडधाकट आहे, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तिचे. डाव्या पायाचं काम हाताने करायचं, एवढंच. पण उजवा हात स्टिअरिंगवर असतो आणि डावा गिअरवर. क्लच दाबून धरल्याशिवाय गिअर पडत नाही. म्हणजे एकाच डाव्या हाताने एकाच वेळी क्लच धरायचा आणि गिअरही टाकायचा. तिसरा हात आणायचा कुठून?

आम्ही विज्ञान शिकवतो. मराठीत जिला तरफ म्हणतात, तिला आमच्या उर्दू पुस्तकात बैरम म्हणतात. टेकू, भार, बल हे फळ्यावर इतकी वर्षं काढलं आहे की, हे आपल्यालाच जमणार असं आम्हाला वाटलं. बी.एड.ला पुठ्ठ्याची शैक्षणिक साधनं बनवली होती, त्याचाही थोडा माज होताच. पहिल्यांदा आम्ही मोटारसायकलचा क्लच-लिव्हर गिअरच्या दांड्यावर बसवला आणि केबलने पेडलला जोडला. ताणकाट्याने पेडलचा जोर मोजला, तो आठ किलोंच्या आसपास भरला. पेडल जेवढं आत जातं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही मुठीतला लिव्हर सरकत नाही. मग जोर तिप्पट लागणार, हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा कुठे पेडल हललं, आणि लगेच केबल तुटली.

मग आमच्या मदतीला जॉबरमामा आले. ते पद्मशाली, आमच्याच मागांचे जॉबर होते. माग विकले तेव्हा अब्बांच्या बरोबरीने रडलेले. ते म्हणाले, "मास्तर, दांडा लांब करा, जोर आपोआप कमी होतोय." त्यांनी मागाच्या जुन्या लोखंडी पट्टीचा हातभर दांडा केला, सीटच्या बाजूला टेकू दिला आणि सळईने पेडलला जोडला. हँडब्रेकसारखी दातेरी पट्टी लावली, म्हणजे दांडा ढकलला की तिथेच अडकून राहायचा; मग तोच हात गिअरवर न्यायचा आणि परत येऊन दांडा सावकाश सोडायचा. दोन महिने रोज रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही तिघं त्या शेडमध्ये असायचो. वेल्डिंगच्या ठिणग्या, चहा, जॉबरमामांची तंबाखू. इतका आनंद आम्हाला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तपासणीच्या दिवशी एका रिकाम्या मैदानात आम्ही स्वतःचा डावा पाय ओढणीने सीटला बांधला आणि गाडी चालवून दाखवली. पहिला गिअर, दुसरा, थांबणं, पुन्हा निघणं. उस्तादांनी टाळ्या वाजवल्या. आपा खुर्चीवर बसून बघत होती. आम्ही खाली उतरून पाय सोडवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "ओढनी बांध के लंगडा बना तू. मेरेकु बैठा के देखा क्या एक बार भी?"

नव्हतं बसवलं. दोन महिन्यांत एकदाही नाही. आम्ही तिला शेडमध्ये चहा घेऊन येताना पाहिलं होतं, पण सीटवर बसवून एक माप घेतलं नव्हतं.

ती बसली. आधी सीटवर टेकली, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला, गुडघ्याची कडी वर सरकवून तो वाकवला. वाकवलेलं कॅलिपर नेमकं आमच्या सळईवर आलं. दांड्यापर्यंत तिचा हात पोहोचेना. तो आमच्या हाताच्या मापाचा होता. सीट मागे घ्यावी तर उजवा पाय ब्रेकला पुरेना. सगळं काही अचूक होतं, फक्त ज्याच्यासाठी केलं तो माणूस त्यात मावत नव्हता.

"तू खाली हम-हम करतै," आपा म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. जॉबरमामांनी खिशातून टेप काढला आणि आमच्या हातात न देता तिच्या हातात दिला.

पुढचे पंधरा दिवस ती सीटवर आणि आम्ही जमिनीवर. तिने सांगायचं, आम्ही करायचं. सीट किंचित उंच केली. क्लचच्या पेडलभोवती जाड पत्र्याची आडकाठी बसवली, म्हणजे निर्जीव पाय घसरून पेडलखाली जाणार नाही. हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला मात्र ते पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं. दाराच्या वर धरायला एक दांडी लावली. बसताना काठी कुठे ठेवायची, ती जागाही तिनेच ठरवली.

दांडा मात्र निघाला. तो तिनेच काढायला लावला. ऑफिसात कागद वाचण्यातच तिचा जन्म गेलेला. तिने कायदा मागवून वाचला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बजावलं आहे. पण त्याच कलमात अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत फेरफार करायची मुभा आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायचं आणि आर.सी. बुकात तशी नोंद करून घ्यायची. पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने तपासून पास केलेली किट मिळतात. "घर का जुगाड घर में," ती म्हणाली, "रस्ते पे दूसरों के बच्चे भी चलते हैं."

किट तिच्या पगारातून आलं. आत पाहिलं तर रचना साधी आणि देखणी. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीने एका डब्यातला पडदा खेचला जातो आणि पडदा क्लच ओढतो. गिअरच्या मुठीवर फक्त एक बटण. बोटाने दाबलं की क्लच दबला, त्याच हाताने गिअर टाकायचा, बटण सोडलं की हवा हळूहळू परत भरते आणि क्लच सुटतो. तिसरा हात इंजिनाच्या श्वासात होता. आम्ही तो लोखंडात शोधत होतो.

आता उरले लोक. मशिदीबाहेर एका बुजुर्गांनी आम्हाला थांबवून समजावलं की, औरतजात, त्यात माजूर, अल्लाह न करे काही झालं तर? आपाला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उनकु बोल, सौदी में भी २४ जून २०१८ से औरतां चलातीं." अम्मीचं भय मात्र दिनाचं नव्हतं, आईचं होतं. ती म्हणायची, "भाई है ना छोडने को." त्यावर आपा बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अम्मी, भाई है. पर मैं चालीस साल की हुई. ऑफिस में लेट हुआ तो मैं पहले घडी नहीं देखती, भाई का मुंह देखती." हे ऐकताना आम्ही तिथेच बसलो होतो. आमच्या तोंडावर असं काय दिसत असेल, हे आम्ही तिला विचारलं नाही. आम्हाला ते ठाऊक होतं.

लर्निंग लायसन, सहा महिन्यांचा सराव, मग परीक्षा. पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडली आणि ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास. २०२३ मध्ये गाडीची फेरनोंदणीही झाली. कारची फी तेव्हा पाच हजार रुपये होती, वर पर्यावरण कर. उस्ताद म्हणाले, एवढ्या पैशात तर... आणि आपाकडे बघून पुढचं बोलले नाहीत.

ज्या सोमवारी ती एकटी मोहोळला निघाली, त्या दिवशी आम्ही हेल्मेट घेऊन दारात उभे होतो. "पीछे पीछे आते हम," म्हणालो. तिने काच खाली केली. "आना नक्को." अम्मीने आयतुल कुर्सी पढून गाडीवर फुंकर मारली. पांढरी मारुती गल्लीच्या तोंडाशी थांबली, इंडिकेटर लागला आणि ती वळली. सव्वानऊला फोन आला, "पहुंची." एवढंच.

आम्ही शेडमध्ये जाऊन बसलो. फरशीत मागांचे बोल्ट आणि भिंतीला टांगलेला आमचा दांडा. शाळेला अडीच तास होते. इतकी वर्षं आम्ही हे तास आपाला दिले म्हणून मनातल्या मनात सवाब मोजत होतो. ते परत मिळाल्यावर कळलं की, त्या मोजणीत तिच्याकडून आम्हीही काही घेत होतो. कुणीतरी आपल्यावाचून अडतं, याचीही माणसाला चटक लागते.

तरफेचा धडा आला की, आता आम्ही तो दांडा वर्गात नेतो. बल, भार, टेकू सांगून झालं की पोरांना विचारतो, "हे सगळं बरोबर होतं, तरी ही तरफ चालली नाही. का?" पोरं टेकूची जागा बदलून बघतात, लांबी मोजतात. मागच्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, जिसके लिए बनाया, उनको पूछे थे क्या?"