विमा कचेरीतला महानायक

ब्रॅड बर्डचा 'द इन्क्रेडिबल्स' 2004 साली आला. जळगावात आम्हा पोरांना तो भेटला हिंदीतून, 'हम हैं लाजवाब' या नावानं. त्यातल्या महानायक कुटुंबातल्या बापाला शाहरुख खानचा आवाज होता आणि तेज या मुलाला त्याच्याच मुलाचा, आर्यनचा. आमच्या गल्लीत प्रत्येकाला तेजच व्हायचं असे. मेहरुण तलावावर गेलो की पाण्यावरून धावणारा तेज डोळ्यांपुढून हलत नसे.

पुढे धुळ्याला कॉलेजात असताना सिनेमा पुन्हा पाहिला, तेव्हा लक्ष आईकडे गेलं. बर्डनं ज्याला त्याला घरातल्या त्याच्या वाट्याप्रमाणे शक्ती दिली आहे. घराचा भार पेलणारा बाप बलदंड, लाजरीबुजरी मुलगी अदृश्य होणारी, आणि चहूकडून ओढली जाणारी आई रबरासारखी ताणणारी. होस्टेलच्या खोलीत मला माझी माय आठवली आणि मी त्याच रात्री घरी फोन केला.

सिनेमातल्या वर्तमानपत्रावर 1962 साल आहे. त्यातली घरं, मोटारी, बेटावरची एकरुळी गाडी, सगळं साठच्या दशकानं पाहिलेल्या उद्याच्या स्वप्नासारखं. आपल्याकडेही महाराष्ट्र तेव्हा नवा होता, पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा नुकताच झाला होता. आजोबा त्या दिवसांबद्दल बोलू लागले की पुढं चांगलंच होणार हा त्यांचा भरवसा आवाजातून कळायचा.

आता मला सगळ्यात मोठा वाटतो तो विमा कचेरीतला प्रसंग. महानायकांवर बंदी आल्यावर बाप तिथं टेबलाशी बसून दावे तपासतो. दावा नाकारलेली एक म्हातारी समोर येते. तो वरवर हात झटकतो आणि हळू आवाजात कोणता अर्ज कुणाकडे न्यायचा ते सांगतो.

रावेर-यावल भागात मे-जूनच्या वादळानं केळीच्या बागा आडव्या होतात. नुकसान विमा कंपनीला 72 तासांत कळवावं लागतं. अशा वेळी आमचे अप्पा ओट्यावर बसून सातबारा, पासबुक जुळवत लोकांचे अर्ज भरून द्यायचे. "तुम्हाला काय मिळतं यातून?" असं मी एकदा विचारलं. "त्याचं काम झालं ना, बस," एवढंच म्हणाले.

अडलेल्या माणसाला वाट दाखवणं हाच या सिनेमातला सर्वात मोठा पराक्रम आहे. पोरांसोबत सिनेमा पाहाल तेव्हा मारामारीच्या घाईत हा प्रसंग पुढे ढकलू नका.