'काढा' म्हणजे नेमकं काय?

मागच्या कापूस हंगामात चोपड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम रात्री अडकला. प्रोग्राम माझा, दुरुस्तीची पुस्तिकाही माझीच. तिच्यात मी लिहिलं होतं, 'लॉग फाईल काढून प्रोग्राम पुन्हा सुरू करा.' काट्यावरच्या पोराने फाईल काढली, म्हणजे पुसूनच टाकली. मला हवी होती कॉपी! बिघाड कुठे झाला हे सांगणारी नोंदच गेली. शोधता शोधता पहाट झाली, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग तशीच उभी. मी चिडलो, तर तो म्हणे, "भाऊ, तुम्हीच लिहेल आहे ना, काढा म्हणून!"

खरं होतं. आता तिथे तीन वाक्यं आहेत: लॉग फाईल पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मूळ फाईल पुसू नका. मग प्रोग्राम सुरू करा.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेनेही २०२१ साली ३.१० आवृत्तीत असंच केलं. कंस बंद करायचा राहिला, तर आधी बऱ्याचदा नुसतं 'रचना चुकीची' एवढंच यायचं. आता कोणता कंस उघडा राहिला, ते ओळीसकट कळतं.

ॲपवर 'अवैध नोंद' वाचून गोंधळणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणू नका. लिहिणाऱ्यांनो, ते वाक्य आधी त्यालाच वाचून दाखवा. पटतंय का?