गोमटी

बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भाचीचा बायोडाटा टाइप होत होता. उंची झाली, शिक्षण झालं. 'रंग'पाशी पोराची बोटं थांबली. "गोरा टाकू का निमगोरा?" भाची काळीसावळी. पाऊस पडून गेल्यावर आमच्या गेवराईकडचं कपाशीचं रान दिसतं ना, तशी. मी घुटमळले. बाकड्यावर टेकलेली आत्या तेवढ्यात म्हणाली, "गोरी नसंल, पर गोमटी हाये की!" पोराला शब्द कळला नसावा. 'निमगोरा' टाकून तो मोकळा झाला.

मी मात्र त्या 'पर'पाशीच अडकले. गोरी आणि गोमटी या दोघी मी आजवर एकमेकींच्या पदराला बांधलेल्याच पाहिल्या होत्या. आत्यानं सहज गाठ सोडली! जुन्या मराठीत, अगदी ज्ञानेश्वरीतसुद्धा, गोमटं एकटंच हिंडतं. जे चांगलं ते गोमटं, वाईट ते वोखटं. बोलणं गोमटं असू शकतं, करणीही. पुढं कधीतरी त्याच्या आधी 'गोरा' येऊन बसला आणि आता त्याच्यावाचून गोमट्याला कुणी दारात उभं करत नाही.

श्रवणबेळगोळचा ५७ फुटी गोमटेश्वर कुठं गोरा आहे? उभा ग्रॅनाइटचा. त्याच्या पायाशी चावुंडरायानं तो करवल्याची मराठी ओळ कोरलेली आहे, आणि प्राकृताचे पंडित आ. ने. उपाध्ये यांनी त्या नावातला 'गोम्मट' आपल्या गोमट्याशीच जोडला होता.

स्कॉटलंडात असाच एक शब्द आहे, 'बॉनी'. फ्रेंचमधल्या 'चांगला' या अर्थाच्या शब्दावरून तो आला असावा, असं मानतात. रॉबर्ट बर्न्सनं (१७५९–१७९६) आपल्या गाण्यांतून तो मनसोक्त खेळवला. तिकडे अजूनही बाळ बॉनी असतं, नदीकाठ बॉनी असतो. मला उगीच हेवा वाटला.

आमच्या गावच्या नदीचं नाव तर विद्रूपा. कुणी ठेवलं असेल? पावसाळ्यात गढूळ पाणी अंगावर घेऊन वाहते तेव्हा बरी दिसते की बिचारी.

परतताना आत्यानं विचारलं, "काय लिवलं गं त्यानं?"

"निमगोरी."

आत्या चार पावलं गप्प चालली. मग म्हणाली, "आन् उरलेली निम्मी?"