डब्यातल्या काड्या



सिंधीपुऱ्यातल्या आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न विचारला की तेच चार हात वर जातात. ही मुलं हुशार आहेत, त्यांचं कौतुकच आहे. पण बाकीच्यांचं काय? घरात मराठी, शाळेत हिंदी; कोणत्या भाषेत बोलायचं इथूनच काहींचं अडतं.

म्हणून आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांवर प्रत्येकाचं नाव लिहून त्या डब्यात ठेवल्या. आधी प्रश्न, मग मनात दहापर्यंत आकडे, मगच काडी. नाव आधी घेतलं तर बाकीचे सुटलो म्हणून विचार करायचं थांबतात. काढलेली काडी परत डब्यातच जाते, नाहीतर बोलून झालेलं मूल निवांत बसतं. "नंतर सांगतो" म्हणायची मुभा सगळ्यांना.

देवाच्या वर्गात चिठ्ठ्यांचा जुगार कशाला, असं एक पालक म्हणाले. त्यांना आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय दाखवला. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली ती प्रार्थना करून, चिठ्ठ्या टाकूनच! ते हसले, मुलाला पाठवतात अजून.

एक मुलगी मात्र तीन रविवार "नंतर" म्हणत राहिली. तेव्हा आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. कोसबाडची आदिवासी मुलं गुरं चारायला जात, शाळेत येत नसत. तर या दोघींनी शाळाच कुरणात नेली. शिकवायला पानं, बिया, शंख-शिंपले. आम्ही नुसत्या पाट्या आणल्या. सगळ्यांनी एकदम लिहायचं, एकदम वर धरायचं. बोलायची सक्ती नाही.

त्या दिवशी पाठ होता यरीहोजवळच्या आंधळ्या भिकाऱ्याचा. तो प्रभू येशूला हाका मारतो आणि लोक त्याला दटावतात. या गोष्टीत तुम्हाला काय दिसलं, असं आम्ही विचारलं. बहुतेक पाट्यांवर होतं: "येशूने त्याला दृष्टी दिली." या मुलीच्या पाटीवर उत्तर नव्हतंच, प्रश्न होता: "त्याला गप्प करणारे कोण?"

आम्ही लूकचा अठरावा अध्याय उघडून तिलाच वाचायला दिला. हळू, अडखळत, पण वाचलं तिने. दटावणारे पुढे चालणारे होते, असं लूक लिहितो.

पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे येशूच्या जवळचेच?"

मग त्या मुलांनी आपणहून सतरंजीवर जागा बदलल्या, आणि उरलेला तास याच एका प्रश्नावर गेला.