तो काही करत नाही

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी हे वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं. एखादा लॅब्रेडॉर मोकळा सुटून अंगावर धावत येतो आणि मागून त्याच्या मालकांचा आवाज येतो, "घाबरू नका हो, तो काही करत नाही!" माणसांपुरतं ते बहुतेकदा खरंही असतं. मी जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास करते, आणि त्यांच्या वतीने मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

टेकडीवरचे कितीतरी पक्षी झाडावर घरटं बांधतच नाहीत. टिटवी उघड्या माळावर उथळ खळगा करते, भोवती चार खडे असले तर असले, आणि त्यात खड्यांच्याच रंगाची साधारण चार अंडी घालते. रातवा तेवढेही कष्ट घेत नाही. त्याची दोन अंडी सरळ जमिनीवर असतात. आपण दोन पावलांवरून निघून जातो, तरी दिसत नाहीत. पण हा सगळा बचाव डोळ्यांपासूनचा आहे आणि कुत्रा शोधतो नाकाने.

एका एप्रिलमध्ये खाणीच्या वरच्या अंगाला मी टिटवीच्या एका घरट्यावर दुर्बीण लावून बसले होते. ऊन चढलं तशी मादी उठली, खाली पाण्याशी गेली, पोटाची पिसं भिजवून परत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात टिटवीला अंडी उबवण्याइतकीच ती गार ठेवण्याचीही काळजी असते. तेवढ्यात पायवाट सोडून एक कुत्रा गवतात शिरला. टिटवी ओरडत उठली, पुढे जाऊन पडली आणि पंख मोडल्यासारखा फरफटत चालू लागली. कुत्रा तिच्या मागे, ती पुढे. "बघा, कसे खेळतायत," मालक कौतुकाने म्हणाले. अंड्यांपासून तो वीस पावलं लांबच होता. खरोखरच त्याने काही केलं नाही. पण टिटवी परत येऊन बसेपर्यंत माझ्या वहीत सतरा मिनिटांची नोंद झाली होती, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी होती. त्याच सकाळी आणखी तीन कुत्री आली. त्या घरट्यातून पिल्लं निघाली नाहीत. एका घरट्यावरून मी दोष कुणाच्या माथी मारणार नाही, पण ती सतरा मिनिटं मला विसरता येत नाहीत.

सिडनीजवळच्या जंगलांत बँक्स आणि ब्रायंट या संशोधकांनी हाच प्रश्न मोजून पाहिला. त्यांचा निबंध 2007चा. कुत्रा फिरवून नेल्यावर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी घटली. यातले कुत्रे पट्ट्यालाच बांधलेले होते! मग पट्ट्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग हा, की पट्ट्यातला कुत्रा पायवाटेवर राहतो आणि त्रास वाटेच्या कडेपुरता उरतो. सुटा कुत्रा सगळी टेकडी पालथी घालतो.

"भटक्या कुत्र्यांचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. तीही घरटी मोडतात, आणि टेकडीवर त्यांना बिस्किटं टाकणं थांबायला हवं. पण त्यांना पट्टा कोण बांधणार? तुमच्या कुत्र्याला तुम्ही आहात. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या कोल ऑइल पॉइंटच्या किनाऱ्यावर स्नोई प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्याची वीण कित्येक वर्षं बंद पडली होती. 2001मध्ये तिथे दोरी बांधून वाळूचा एक भाग राखला, कुत्र्यांना पट्टा सक्तीचा केला आणि लोकांना समजावून सांगायला स्वयंसेवक उभे केले. पक्षी पुन्हा घरटी करू लागले. किनारा बंद करावा लागला नाही, फिरणारे आजही फिरतात.

कुत्र्याला धावायला हवं, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी कुंपणाचं मैदान शोधा, नसेल तर नगरसेवकाकडे मागा. आणि टेकडीवर याल तेव्हा, निदान मार्च ते ऑगस्ट या विणीच्या काळात तरी, पट्टा हातातून सोडू नका. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर समजा की अंडी जवळच आहेत. तिथे थांबू नका, आल्या वाटेने मागे फिरा.