वरवंटा

धाकट्या बहिणीचं बारसं नांदेडच्या घरी झालं तेव्हा मी सात वर्षांची होते. आजीनं वरवंटा धुतला, हळदकुंकू लावलं, कुंची घातली. मग गोविंदाचं, गोपाळाचं नाव घेत बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती दिला. पाळण्यात मुलगी, मग कुंचीत गोविंद कसा? आजी म्हणाली, "पोरीच्या पाठीवर पोरगं यावं म्हणून, बाई."

मला पटेना. आठवड्यापूर्वी, पाचवीला, हाच वरवंटा पाट्यावर उभा करून सटवाई म्हणून पुजला होता. शेजारी कोरा कागद, लेखणी. बाळंतिणीच्या उशाखाली विळा. पाचव्या दिवशी बाई, बाराव्या दिवशी पोरगा!

मग सगळीकडे हेच दिसू लागलं. कार्तिकात तुळस नवरी आणि गंडकीतला शाळिग्राम नवरा. माहूरला रेणुकेचं नुसतं मुख, शेंदरी तांदळा: शब्द 'तो', देवी 'ती'. चांदीची जोडवी बाईच्याच पायात; पण नांदेडातल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गेलं, की लोखंडाचं तेच कडं बाईच्या मनगटात आणि बाप्याच्याही.

लग्न होऊन औसा तालुक्यात आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. आमच्या ढिगाऱ्यातून पाटा दुभंगलेला निघाला, वरवंटा शाबूत. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये पुतणीचं बारसं निघालं, तेव्हा जावेनं त्याला हात लावायचं नाकारलं. तिला दगडच नको झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "भितीतला दगड येगळा, पाट्यावरचा येगळा." दोन्ही एकाच काळ्या पाषाणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! दगड काय आहे, हे तो कुठं ठेवलाय त्यावर ठरतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

आता लातूरच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, तरी वरवंटा ओट्याखाली असतो. परवा नातीच्या बारशाला तो काढला. सुनेनं विचारलं, "आई, ही मुलगी आहे ना, मग गोविंद कशाला?" आजीचं उत्तर ओठावर आलं; ते गिळलं. म्हटलं, "असू दे गं. आपल्या घरातला हा एकच बाप्या, बारसं उरकलं की दुसऱ्या दिवशी ठेचा वाटायला बसतो."